तीन दगडांची चूल आणि माया लोकांचे देव

चिकूवाडी

डहाणू तालुक्यात वाढलेल्या माणसाला चिकूचं काय कौतुक? पण ग्वाटेमालाच्या जंगलात, तिकाल या जुन्या माया शहरातल्या चौथ्या क्रमांकाच्या देवळाकडे जाताना वाटाड्याने एका झाडाला हात लावून ‘सापोते’ म्हटलं, तेव्हा मी जागच्या जागी थांबले. पान ओळखीचं, साल ओळखीची, देठ मोडला तर पांढराशुभ्र चीक. चिकूच की हा! लहानपणी आम्हाला वाटायचं चीक येतो म्हणून चिकू. खरं तर हे नाव मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतून स्पॅनिशमार्गे फिरत फिरत आपल्याकडे आलंय. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याचं माहेर हे असं.

आणि या देवळांच्या दारांवरची आडवी तुळई, म्हणजे आपल्याकडे वाड्यात गणेशपट्टी असते ती जागा, तीही चिकूच्याच लाकडाची. आठव्या शतकातली. जवळपास ६५ मीटर उंच देऊळ, वर दगडाचा एवढा भार, खाली वाळवी, पाऊस, वटवाघळं, तरी बाराशे वर्षं लाकूड टिकलं. त्यातल्या कोरीव तुळया काढून एकोणिसाव्या शतकात युरोपात नेल्या, आज त्या स्वित्झर्लंडमध्ये बाझेलच्या संग्रहालयात आहेत. (पुढच्या वेळी कुणी चिकूला ‘नुसतं गोड फळ’ म्हटलं की मी हे ऐकवणार आहे.)

असो. देवळांवर नेटवर ढिगाने लिहिलेलं आहे. मला लिहायचंय ते चुलीबद्दल. माया धर्म, म्हणजे मेक्सिको-ग्वाटेमालाकडच्या माया लोकांचा, म्हटलं की डोळ्यांसमोर पिरॅमिड, पिसांचा मुकुट आणि रक्त येतं. ते होतंच. पण ते राजाचं. गावातल्या बाईचा देव कुठे होता हे शोधायला गेलं की आपण चुलीपाशी पोचतो, आणि माझं म्हणणं असं की वरचं सगळं त्या चुलीवरूनच उचललेलं आहे.

किरिग्वा नावाच्या ठिकाणी ‘सी’ क्रमांकाचा शिलास्तंभ आहे, इ.स. ७७५ चा. त्यावर सध्याच्या युगाची सुरुवात कशी झाली ते कोरलंय. इ.स.पू. ३११४ मध्ये देवांनी तीन दगड मांडले. एवढंच. कुणी डोंगर उचलला नाही, समुद्र घुसळला नाही. तीन दगड मांडले. आणि माया घरातली चूल, तेव्हाची आणि खेड्यांतून आजचीही, तीन दगडांची. ग्वाटेमालातले किचे माया लोक हेच तीन दगड आकाशातही दाखवतात. मृग नक्षत्रात आपण ज्याला बाण म्हणतो त्यातला एक तारा, आणि हरणाच्या खालच्या पायांचे दोन. मधला अंधुक तेजोमेघ म्हणजे चुलीचा धूर. थंडीत गच्चीवर झोपून जे तारे मी हजारदा पाहिलेत त्यात मला कधी धूर दिसला नव्हता. आता दिसतो.

दुसरी गोष्ट होया दे सेरेनची. एल साल्वादोरमधलं हे छोटं शेतकरी खेडं. सातव्या शतकात जवळच ज्वालामुखी फुटला आणि गाव चार ते आठ मीटर राखेखाली गेलं. १९७६ मध्ये धान्याच्या कोठारांसाठी जमीन सपाट करताना बुलडोझरला एक घर लागलं, १९७८ पासून पुरातत्त्वज्ञ पेसन शीट्स यांच्या पथकाने खोदायला घेतलं, १९९३ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आलं. इथे राजा नाही, शिलालेख नाही. घरं आहेत: झोपायची खोली वेगळी, कोठीची वेगळी, स्वयंपाकाची वेगळी. जेवणं आटोपलेली, भांडी घासायची राहिलेली. वाडग्यात बोटांनी पुसून खाल्ल्याचे ओरखडे तसेच आहेत. छपराला मिरच्यांच्या माळा. शाकारलेल्या गवतात उंदीर. शेतात मक्याची ताटं कणसं वाळायला मोडून वाकवलेली. झाडं कुजून राखेत जी पोकळी राहिली तिच्यात प्लास्टर ओतून त्यांनी अख्खी मक्याची ताटं ओतीव काढलीत.

आणि या खेड्यात देवधर्माच्या दोन जागा सापडल्या. एका इमारतीत हरणाच्या कवटीचा, लाल रंग दिलेला शिरोभूषणासारखा मुखवटा आणि गावजेवणाची भांडी. दुसरी बारकीशी, जाळीच्या खिडक्यांची. तिथे घेवड्याच्या दाण्यांची ढिगुली, शिंपले, मातीची चित्रं असं किडूकमिडूक, म्हणून संशोधक म्हणतात की ही कौल लावणारीची जागा असावी. आजही ग्वाटेमालाच्या डोंगरात दिवस मोजणारे ‘अह-कीह’ दाणे टाकूनच कौल घेतात. लाल दाणे, ‘त्सिते’ झाडाचे. हे झाड म्हणजे आपल्या पांगाऱ्याचं सख्खं भावंड.

त्सितेवरून आठवलं. किचे लोकांच्या ‘पोपोल वुह’ या ग्रंथात देवांनी माणूस तीनदा करून पाहिला. आधी मातीचा, तो विरघळला. मग लाकडाचा, पुरुष याच त्सितेच्या लाकडाचे. त्यांना काळीज नव्हतं, देवांची आठवण नव्हती. शेवटी पिवळ्या आणि पांढऱ्या मक्याच्या पिठाचा. हा म्हातारीने नऊ वेळा दळलेल्या पिठाचा माणूस म्हणजे आपण. पण मला आवडतो तो मधला भाग. लाकडी माणसांचा नाश करायला देवांनी पूर तर पाठवलाच, शिवाय त्यांचीच भांडीकुंडी उठली. पाटा म्हणाला, रोज पहाटेपासून आमच्या तोंडावर घासलंत, आता आम्ही तुम्हाला दळतो. तवे म्हणाले, आम्हाला जाळलंत. कुत्री म्हणाली, जेवायला न देता हाकललंत. ही गोष्ट देवळातल्या पुरोहिताने रचलेली वाटत नाही. ती पाट्यापाशी वाकून बसलेल्या बाईची आहे.

आणि घरातली माणसं मेली की जायची कुठे? जमिनीखाली, घरातच. ओट्याखाली, झोपायच्या जागेखाली पुरायचे. तोंडात दळलेला मका आणि ऐपत असेल तर हिरव्या जेडचा मणी. म्हणजे पणजोबा खाली, नातवंडं वर. राजाने केलं ते एवढंच की आपल्या बापावर ओट्याऐवजी पिरॅमिड बांधला.

फोटो नंतर टाकते. चर्चा होऊ द्या.

रानवाटा

वा! चिकूपासून मृग नक्षत्रापर्यंत. पाट्याचं बंड वाचून मिक्सरकडे संशयाने पाहिलं. पुलेशु.

शंकासुर

लेख छान, पण ताई, जरा गुळचट झालाय. चूल, आजी, मिरच्यांच्या माळा. ज्या लोकांनी कोवळ्या मुली विहिरीत ढकलल्या त्यांचं घरगुती चित्र रंगवताना एक परिच्छेद तरी त्यावर हवा होता. चिचेन इट्साची विहीर विसरलात का?

चिकूवाडी

शंकासुर, टोला बरोबर जागी बसला. टाळलंच होतं मी.

आधी विहीर. चिचेन इट्सा हे माया शहर मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात. तिथे जमीन चुनखडीची, वर नदी नाही. पाणी मुरतं, खाली गुहा होतात, छत कोसळलं की गोल डोह उघडा पडतो. तो सेनोते. म्हणजे पाणी हवं तर जमिनीच्या पोटात उतरायचं, आणि पावसाचा देव चाक तिथेच राहणार. चिचेनचा मोठा सेनोते पिण्याच्या पाण्याचा नव्हता, नवसाचा होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एडवर्ड थॉम्पसनने त्यातून गाळ उपसला: सोनं, जेड, ऊद आणि हाडं. ‘कोवळ्या कुमारिका’ ही कहाणी तेव्हा फार गाजली. हाडं तपासल्यावर निघाले पुरुष, बायका आणि बरीचशी मुलं.

त्याहून अंगावर येणारं संशोधन २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आलं. त्या सेनोतेजवळच्या एका भूमिगत टाक्यात १९६७ मध्ये शंभरावर मुलांची हाडं सापडली होती. त्यातल्या ६४ जणांचा डीएनए काढला. चौसष्टच्या चौसष्ट मुलगे. बहुतेक तीन ते सहा वर्षांचे. निदान चौथा हिस्सा एकमेकांचे जवळचे नातलग, आणि दोन जोड्या एकसारख्या जुळ्यांच्या. पोपोल वुहचे नायक जुळे भाऊच आहेत, ते पाताळात उतरतात, मरतात आणि पुन्हा उठतात. टाकं म्हणजे पाताळाचं दार. तेव्हा निवड कशी होत असेल ते कळतं, आणि कळून बरं वाटत नाही. याच अभ्यासात शेजारच्या गावातल्या आजच्या माया लोकांचे नमुनेही तपासले, नातं सरळ लागलं. ती पोरं आजच्या लोकांच्याच रक्ताची.

आणि राजे स्वतः सुटले नव्हते. याश्चिलान या माया शहरातली २४ क्रमांकाची दारावरची शिळा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, इ.स. ७०९ चा प्रसंग. राजा मशाल धरून उभा. राणी काबाल शोक गुडघ्यांवर बसलीय, जिभेतून काटे ओवलेली दोरी ओढतेय, खाली परडीत कागद आणि त्यावर रक्ताचे ठिपके. कागद जाळायचा, धुरातून पूर्वज येतो. पुढच्या शिळेवर तो सापाच्या जबड्यातून आलेलाही दिसतो. चेहऱ्यावर वेदना कुठे कोरलेली नाही. तिच्या अंगावरच्या कापडाची नक्षी मात्र टाक्यानटाका कोरलीय.

गुळचट नको म्हणालात, हे घ्या.

शंकासुर

माघार. चहा गार झाला वाचताना.

पाटा_वरवंटा

मला एक सांगा, मका दळून भाकरी करायची तर ती थापली की तुटते. हे लोक टॉर्टिया कसे करतात? आमच्याकडे मक्याच्या पिठात उकड काढल्याशिवाय जमत नाही.

मेरिदाकर

काकू, गुपित चुन्यात आहे. मी कामानिमित्त दोन वर्षं युकातानमधल्या मेरिदा शहरात होतो, घरमालकीण रोज रात्री करायची. अख्खे दाणे चुन्याच्या पाण्यात उकळायचे आणि रात्रभर तसेच ठेवायचे. सकाळी चोळून धुतले की सालपटं सुटतात, दाणा फुगलेला, पिवळसर, विड्याच्या पानाला लागतो तसा हलकासा चुनखडी वास. मग वाटायचं. पीठ नव्हे, वाटण. ते चिकट होतं म्हणून थापलं तरी तुटत नाही. याला निश्तामाल म्हणतात.

चुन्याने दुसरं मोठं काम होतं. मक्यातलं नायसिन एरवी अंगी लागत नाही, चुन्याने मोकळं होतं. युरोपने मका नेला, चुना नेला नाही, आणि उत्तर इटलीत मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा झाला: कातडी सोलते, पोट बिघडतं, डोकं भ्रमिष्ट होतं.

मात्र एक दुरुस्ती. जुन्या माया चित्रांत टॉर्टिया जवळजवळ नाहीतच. ते खायचे तामाल, म्हणजे वाटण पानात गुंडाळून वाफवायचं. आपले पातोळे डोळ्यांसमोर आणा, आत गूळखोबऱ्याऐवजी घेवडा किंवा मांस.

चिकूवाडी

+१. आणि पाटा_वरवंटा, तुमच्या आयडीसाठी खास: सेरेनमध्ये काही पाटे बेचक्याच्या खुंटांवर जमिनीपासून उचलून बसवलेले सापडलेत. बाईची पाठ वाचावी म्हणून कुणीतरी विचार केला होता.

पाटा_वरवंटा

तेराशे वर्षांपूर्वी! आमच्या घरात ओटा यायला १९८४ उजाडलं.

गुप्तइतिहास

सगळे मूळ मुद्दा टाळतायत. माया हे नावच सांगतं. मयासुर! पांडवांची मयसभा बांधणारा तो स्थापत्यविशारद पाताळात गेला, पाताळ म्हणजे अमेरिका. शून्यही त्यांच्याकडे, शून्यही आपल्याकडे. योगायोग?

शंकासुर

आलात! वाटच बघत होतो.

माया हे नाव मायापान या युकातानमधल्या शहराच्या नावाशी जोडलेलं, स्पॅनिश लोकांनी सरसकट सगळ्यांना लावलं. तिकालचा माणूस स्वतःला ‘माया’ म्हणत नव्हता. त्यांच्या आजही तीसेक भाषा आहेत, त्यांचं कुळ वेगळं, संस्कृतशी सुतराम संबंध नाही. शून्य त्यांनी शिंपल्याच्या चिन्हाने दाखवलं, आणि मोजणी वीसची, दहाची नाही. हातापायांची सगळी बोटं.

आता साधा हिशेब करा. एवढा मयासुर तिथे गेला आणि लोखंड नेलं नाही, बैल नेला नाही, गाडीचं चाक नेलं नाही, तांदळाची मूठ नेली नाही. बरं, येताजाता कुणी एक मिरची तरी आणायची होती. मिरचीसाठी आपल्याला पोर्तुगीज गोव्यात येईपर्यंत थांबावं लागलं. त्यांचं त्यांनी शोधलं, आपलं आपण. यात आपला काय अपमान आहे?

गुप्तइतिहास

तुम्ही पाश्चात्त्यांचं वाचता.

रानवाटा

इनो घ्या, दोघंही. पंचांगवाल्यांना बोलवा कुणीतरी.

पंचांगवाला

हजर. धागा वाचत होतो, हात शिवशिवत होते.

माया दिनगणना म्हणजे दातेरी चाकं एकमेकांत अडकवलेली. एक चाक २६० दिवसांचं: वीस दिवसांची नावं आणि एक ते तेरा आकडे, दोन्ही एकदम पुढे सरकतात. दुसरं ३६५ दिवसांचं: वीस दिवसांचे अठरा महिने आणि वर पाच उरलेले दिवस. दोन्ही चाकं पुन्हा त्याच जागी यायला १८,९८० दिवस, म्हणजे ५२ वर्षं. आपण चंद्र आणि सूर्य जुळवायला अधिकमास घालतो, त्यांनी तसं काही घातलं नाही. लीप दिवससुद्धा नाही. सरकू दिलं आणि सरकल्याचा हिशेब ठेवला. शुक्राचं चक्र ५८४ दिवसांचं, अशी पाच चक्रं म्हणजे बरोबर ३६५ दिवसांची आठ वर्षं, हे त्यांच्या ड्रेस्डेनला असलेल्या पोथीत मांडलेलं आहे.

रोजच्या जगण्यात मात्र २६० चं चाक महत्त्वाचं. कुठल्या दिवशी जन्मलात त्यावर तुमचा स्वभाव, तुमचं काम. पेरणी कधी, सोयरीक कधी, सगळं यावर. ग्वाटेमालाच्या डोंगरात ही मोजणी आजही चालू आहे. ते पाच उरलेले दिवस, वायेब, अशुभ. डिएगो दे लांदा या पाद्र्याने लिहून ठेवलंय की या दिवसांत लोक आंघोळ करत नसत, केस विंचरत नसत, जड कामाला हात लावत नसत. आमची आजी ग्रहणात यांच्याच पंथाची.

हाच लांदा. १५६२ च्या जुलैत मानी गावात त्याने माया पोथ्यांची होळी केली. सत्तावीस पोथ्या जाळल्याचं सांगतात. आज जगात चार शिल्लक आहेत. आणि माया रोजच्या आयुष्याबद्दल आपल्याला जे कळतं त्यातलं बरंचसं याच माणसाच्या टिपणांतून. त्याने लिहून घेतलेल्या मोडक्यातोडक्या बाराखडीवरून १९५२ मध्ये युरी क्नोरोझोव्ह या रशियन विद्वानाने लिपीचं कुलूप उघडायला सुरुवात केली. जाळणाऱ्यानेच किल्ली ठेवावी, काय म्हणायचं याला!

२०१२ च्या जगबुडीवर कुणी काही लिहायच्या आत: २१ डिसेंबर २०१२ ला एक मोठं चक्र पुरं झालं, गाडीचे आकडे पुन्हा शून्यावर यावेत तसं. पालेन्के या माया शहरातल्या शिलालेखात राजा पाकालच्या राज्यारोहणाचा पुढचा मोठा उत्सव इ.स. ४७७२ मध्ये येतो असं कोरलंय. जग बुडणार असतं तर एवढ्या पुढचा मुहूर्त कोण काढेल?

मेरिदाकर

पंचांगवाला, दंडवत.

चालू असलेल्या गोष्टींचं म्हणाल तर मी एक चा-चाक पाहिलं. पावसासाठी करतात, पाऊस ओढला की. शेताच्या कडेला काठ्यांचा मांडव, वर भोपळ्याच्या तुंब्यांत पेयं, मधमाश्यांच्या मधात झाडाची साल आंबवलेलं बाल्चे, जमिनीत खड्डा करून भाजलेल्या मक्याच्या जाड रोट्या. मंत्र म्हणणारा ह-मेन माया भाषेत बोलतो, मध्येच येशूचं आणि संतांचं नाव घेतो, कुणाला वावगं वाटत नाही. मांडवाच्या चार पायांशी चार मुलगे उकिडवे बसवतात आणि ते बेडकासारखे ओरडतात. तासन्‌तास. एकाला हसू आवरेना, आईने डोळे वटारले.

आमच्या गावाकडे ‘धोंडी धोंडी पाणी दे’ करत बेडूक काठीला उलटा बांधून दारोदार नेतात. गुप्तइतिहास, संबंध जोडू नका. पाऊस हवा असेल तर बेडूक कुणालाही आठवेल. तिथे निदान बेडकाला टांगत नाहीत.

आणि चुलीचं ताईंनी म्हटलं त्याला पुरावा देतो. बाळाला पहिल्यांदा कडेवर घ्यायचा विधी असतो, हेत्समेक. तोवर बाळ आडवंच धरायचं. मुलगी असेल तर तिसऱ्या महिन्यात, कारण चुलीचे दगड तीन. मुलगा असेल तर चौथ्यात, कारण शेताचे कोपरे चार. हातात वस्तू देतात: पूर्वी सुई, कोयता, आता वही-पेन्सिलपण. आमच्या शेजारी मुलीच्या हातात तिच्या बापाने मोबाइल दिला, आजीने काढून घेतला.

सुईदोरा

मुलगी चुलीची आणि मुलगा शेताचा, हे तिथेही ठरलेलंच का! चूल पवित्र आहे म्हणून बाईचं काम कमी होत नाही. पाट्याच्या बंडाची गोष्ट मला तशीच वाचावीशी वाटते.

चिकूवाडी

सुईदोरा, मान्य. पण बायका फक्त चुलीपाशी नव्हत्या. कालाकमुल या माया शहरात बाजाराच्या जागेत सातव्या शतकातली भित्तिचित्रं सापडलीत. राजा नाही, देव नाही. माणसं, आणि शेजारी नावं: मीठवाला, तंबाखूवाला, तामालवाले, मक्याच्या आंबिलीसारख्या पेयाची माणसं. एका बाईचा निळा, आरपार दिसणारा पोशाख, ती दुसरीच्या डोक्यावर मोठा घडा चढवायला हात देतेय. खालची वाकलीय, साध्या कपड्यातली. मालकीण आणि मोलकरीण असेल, किंवा नसेल. त्या घड्याचं वजन मात्र दिसतं.

शंकासुर

शेवटचा प्रश्न. सेरेनची माणसं कुठे गेली? सगळं सापडलं म्हणता, हाडं?

चिकूवाडी

एकही माणूस सापडला नाही अजून. बहुधा आधी जमीन हादरली असेल, लोक दक्षिणेकडे पळाले असतील. काही घेतलं नाही, कोठीतलं धान्यही नाही. गावात मातीच्या घुमटाची, घाम काढायची खोली होती, ती तशीच. एका कोठीत मात्र पायाला दोरी बांधलेलं बदक सापडलं. ते सोडायचं राहिलं.

पाटा_वरवंटा

अगं बाई. सोडायचं नाही का कुणीतरी.